सात, एंटर, सातबारा

माझ्या संगणकावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ७ टाकून एंटर मारलं की महाभूलेखचं, म्हणजे सातबारा दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचं, पान उघडतं. ‘मो’ लिहून पुढं एखादा शब्द टाकला की तो शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात निघतो. ‘वि’ लिहून परभणी टाकलं की मराठी विकिपीडियावरचा परभणीचा लेख समोर येतो. ‘न’ लिहून गावाचं नाव टाकलं की नकाशा, आणि ‘र’ लिहून १७६१७ टाकलं की मुंबईहून नांदेडला निघालेली तपोवन आत्ता कुठं आहे ते दिसतं. यातलं काहीच ब्राउझरसोबत आलेलं नाही. एकेक नाव मी हातानं बसवलंय.

लातुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे अहवाल, कुणाचा कवितासंग्रह, कुणाच्या वडिलांच्या तेराव्याचं कार्ड. दिवसभर संगणकापुढं बसून असतो. समोरच्या खुर्चीत प्रूफ तपासायला बसलेल्या गिऱ्हाईकाला माझी बोटं दिसतात. एक अक्षर, एक शब्द, एंटर, पान हजर. मग हमखास विचारणा होते, “हे कोणतं सॉफ्टवेअर घेतलंत?” घेतलं काही नाही, ब्राउझरमध्ये आधीपासूनच सोय आहे, असं सांगितलं की त्यांची थोडी निराशा होते. विकत घेतलेलं असतं तर त्यांनीही घेतलं असतं. फुकटच्या गोष्टीला अर्धा तास द्यायचा म्हटलं की माणूस मागं सरतो.

खरं तर अर्धा तासही लागत नाही. पण त्याच्या आधी हे करायचं कशाला, ते सांगतो, कारण माझा मुद्दा तिथंच आहे.

आपण शोधणं आणि जाणं यांत आता फरक करत नाही. बँकेचं पान हवंय, लिही बँकेचं नाव, शोध. सातबारा हवाय, लिही सातबारा, शोध. काल जिथं गेलो होतो, परवा गेलो होतो, महिनाभर जातोय, तिथंही रोज नव्यानं विचारत जातो. ज्याला माहीत नाही त्यानं विचारावं, त्यात वावगं काही नाही. पण आमच्या गंजगोलाईचं उदाहरण घ्या. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. सराफा कुठं, भांडी कुठं, कापड कुठं, हे नव्या माणसाला कुणाला तरी विचारावंच लागतं. पण इथं जन्म काढलेला माणूस रोज सकाळी जगदंबेच्या देवळापुढं उभा राहून विचारायला लागला, “हो भाऊ, सराफ लाईन कुठं आली?”, तर लोक काय म्हणतील? त्यात ज्याला विचारतोय त्याच्या खिशात चार दुकानांची कार्डं असतील आणि ज्यानं पैसे दिलेत त्या दुकानाचं नाव तो आधी सांगत असेल, तर? शोधयंत्राच्या निकालात वर ‘प्रायोजित’ असं बारीक लिहिलेलं असतं, ते हेच. त्याचा तो धंदा आहे, लपवूनही करत नाही. पण वाट माहीत असताना विचारत जायचं, हे आपलं आपण लावून घेतलेलं आहे.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी डिजिटल सहीचा सातबारा काढायला असंच शोधलं आणि वर दिसेल त्या पानावर शिरले. सरकारी पोर्टलवर या उताऱ्याला १५ रुपये पडतात. त्या पानानं ‘सेवा शुल्क’ म्हणून त्याच्या कितीतरी पट घेतले आणि उतारा काही दिला नाही. गृहस्थ शिकलेले, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले. घाई होती, चष्मा खाली होता, पानावर तिरंग्याचे रंग होते. झालं.

आता कृती. मी फायरफॉक्स हा ब्राउझर वापरतो, त्यामुळं त्याचं सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबलं की सगळ्या बुकमार्कांची, म्हणजे जतन केलेल्या पत्त्यांची, खिडकी उघडते. तिथं नवा बुकमार्क जोडायचा. नाव, पत्ता, टॅग आणि शेवटी कीवर्ड, असे रकाने असतात. बहुतेक लोक नाव नि पत्ता भरतात आणि खालच्या रकान्याकडं बघतही नाहीत. सगळी गंमत त्या खालच्या रकान्यात आहे. तिथं जे लिहाल ते त्या पत्त्याचं टोपणनाव होतं. मी महाभूलेखच्या पत्त्याला ७ दिलं. अंकच का, तर माझं काम निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. कीबोर्ड कोणत्या लिपीवर आहे याचं भान दर वेळी राहत नाही. माझ्या मांडणीत वरच्या ओळीतले अंक दोन्हीकडं सारखेच उमटतात. म्हणून रोजच्या जागांना अंक, आणि जिथं पुढं मराठी शब्दच टाकायचा आहे तिथं मराठी अक्षर. कोशाला ‘मो’ दिलं ते यासाठीच. कीबोर्ड मराठीवर असल्याशिवाय पुढचा शब्द तरी कुठं लिहिता येणार आहे?

कोशाचं टोपणनाव जरा वेगळं, कारण तिथं नुसतं दारापर्यंत जायचं नाही, हातात शब्द घेऊन आत जायचंय. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालय प्रकल्पानं जालावर ठेवलाय, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून. तिथं एखादा शब्द शोधला की वरचा पत्ता लांबलचक होतो आणि त्या लांबीत कुठंतरी आपला शब्द बसलेला असतो. तेवढा शब्द खोडायचा आणि त्याच्या जागी टक्क्याची खूण नि तिला चिकटून इंग्रजी लहान एस लिहायचं. असा पत्ता बुकमार्कात ठेवला की टोपणनावानंतर आपण जे लिहू ते ब्राउझर त्या टक्का-एसच्या जागी नेऊन बसवतो. मग ‘मो उंबरठा’, ‘मो खळं’, काहीही.

इथं मराठी माणूस अडखळतो. पत्ता चिकटवला की आपला शब्द त्यात दिसतच नाही, दिसतो तो टक्क्यांचा, आकड्यांचा आणि इंग्रजी अक्षरांचा डोंगर. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी मराठी बातमीची लिंक पाठवली की चार-चार ओळींचं जे काही येतं, ते हेच. वेबपत्त्यात देवनागरी अक्षर थेट पाठवत नाहीत. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्या साठवणीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्का आणि दोन खुणा असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘लातूर’मध्ये ल, काना, त, ऊकार, र अशी पाच चिन्हं, म्हणून लातूर पत्त्यात ४५ जागा अडवतं. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर वाटतो, पण तो क, हलन्त आणि ष असा तिघांचा, म्हणून एकटा क्ष २७ जागा घेऊन बसतो. नीट बघितलं तर त्या डोंगरातही एक ताल सापडतो. प्रत्येक चिन्हाची सुरुवात ई-शून्यनं होते आणि पुढं ए-चार किंवा ए-पाच येतं. देवनागरीचा सगळा संसार त्या दोन खणांत मावलेला आहे. आता लिंक बघितली की आत देवनागरी आहे की नाही हे मला वाचायच्या आधी कळतं.

यावर माझी युक्ती साधी आहे. पत्ता तयार करताना पहिला शोध मराठीत घ्यायचाच नाही. कोशाच्या चौकटीत इंग्रजीत एबीसीडी लिहून शोधायचं. शब्द अर्थातच सापडत नाही, पण पत्त्यात एबीसीडी जसंच्या तसं दिसतं, आणि कुठं काय खोडायचं ते लगेच कळतं. मराठी शब्दाचं टक्क्यांत रूपांतर पुढं ब्राउझर आपोआप करतो. एखाद्या जुन्या संकेतस्थळाला ते रूपांतर नको असेल तर फायरफॉक्समध्ये लहान एसच्या जागी मोठा एस लिहायचा, मग शब्द आहे तसा जातो. ही तळटीप शंभरात एकाच्या उपयोगाची, पण त्या एकाला ती दुसरीकडं सहज सापडणार नाही.

क्रोममध्ये हेच सेटिंग्जमध्ये शोधयंत्रांच्या व्यवस्थापनात जाऊन ‘साइट सर्च’खाली करता येतं. नाव, शॉर्टकट आणि टक्का-एसवाला पत्ता असे तीन रकाने. चव तीच.

लग्नसराईत याचा खरा कस लागतो. पत्रिकेचा मजकूर वहीच्या फाडलेल्या पानावर येतो. त्यात आप्तेष्टांची नावं, मामांची, आत्यांची, प्रत्येकाचं गाव. एकाखाली लिहिलेलं असतं ‘रा. पिंपळगाव’. आता मराठवाड्यात पिंपळगावं किती, याचा हिशेब कुणी लावायचा? दर तालुक्यात एखादं तरी असतंच. कुठं बुद्रुक, कुठं खुर्द, कुठं पुढं आणखी काही जोडलेलं. वडगावाचंही तसंच. पुढं ‘ह. मु. पुणे’ तर निम्म्या नावांना असतं. मी ‘न’ लिहून गाव नि शेजारी तालुका टाकतो, नकाशा उघडतो, पडदा त्यांच्याकडं फिरवतो.

“हेच का?”

“हे न्हाई. नदीच्या अल्याडचं.”

“मग हे?”

“हां. पर इथं नाव चुकीचं टाकलंय बगा.”

आणि ते बरोबर असतं. नकाशावरची आपल्याकडची पुष्कळ नावं इंग्रजीच्या वाटेनं आलेली असतात. येताना ळ चा ल झालेला, ण चा न झालेला, काना कुठं गळालेला. त्यामुळं गाव कोणतं ते नकाशा सांगतो, पण ते लिहायचं कसं ते समोरचे आजोबा सांगतात. पत्रिकेत आजोबांचंच छापायचं, हा दुकानाचा नियम. मात्र आजोबांपर्यंत हा प्रश्न नेमका पोचवायला तो नकाशा दोन क्षणांत उघडावा लागतो. त्यासाठी शोधयंत्रात जाऊन, नकाशावर टिचकी मारून, जाहिरात बाजूला करून बसलो, तर दहा नावांनंतर मीच म्हणेन, जाऊ द्या, लिहिलंय तसं छापू.

बुकमार्कात पत्त्याऐवजी हुकूमही ठेवता येतो. याला बुकमार्कलेट म्हणतात. पत्त्याच्या रकान्यात जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या भाषेचं नाव, लिहून विसर्गासारखे दोन टिंब आणि पुढं एक ओळ. त्या खुणेवर टिचकी मारली की ब्राउझर कुठं जात नाही, उघड्या पानावरच ती ओळ चालवतो. माझी आवडती ओळ इंग्रजी अंकांचे मराठी अंक करणारी. लोक मजकूर मेलनं पाठवतात, त्यात तारखा, वेळा, फोन नंबर सगळं इंग्रजी अंकांत, आणि पत्रिकेत हवं मराठी. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६. दोघांत फरक २३५८. एकपासून नऊपर्यंत सगळ्यांना हाच फरक लागू, कारण दोन्हीकडं अंक ओळीनंच बसलेत. म्हणून त्या ओळीत करायचं एवढंच असतं: अंक दिसला की त्याच्या क्रमांकात २३५८ मिळव. मेल उघडायचा, खुणेवर टिचकी, सगळ्या तारखा मराठीत. तेवढ्यानं समोरचा माणूस चहा ठेवून पुढं वाकतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. दुसऱ्या कुणी दिलेली अशी ओळ, ती काय करते हे कळल्याशिवाय ठेवायची नाही. तुम्ही बँकेच्या पानावर असाल तर ती बँकेच्या पानावरही चालते. क्रोमसारखे ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत अशी ओळ चिकटवली तर तिच्या सुरुवातीचा जावास्क्रिप्ट हा शब्द छाटून टाकतात, ते उगाच नाही. ‘ही ओळ चिकटवा, मोफत रिचार्ज मिळवा’ म्हणणारे कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी करत नाही: आपल्याच डिस्कवरच्या फायलीला टोपणनाव देणं. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक पान मी जतन करून ठेवलंय. ‘यु’ लिहिलं की ते उघडतं. नेट गेलेलं असलं तरी उघडतं, आणि आमच्या भागात नेट जायला पाऊस पुरतो.

हे सगळं राहतं कुठं, म्हणून एकदा सगळे बुकमार्क फायलीत उतरवले आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव! नेटस्केप ब्राउझर १९९४ चा. ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही, अशी मुलं आज ज्या ब्राउझरमध्ये फिरतात, तेही बुकमार्क बाहेर काढताना त्याच जुन्या घडणीची फाइल देतात. त्याआधी १९९३ च्या मोझाइक ब्राउझरमध्ये अशा यादीला हॉटलिस्ट म्हणत. या फायलीत प्रत्येक पत्त्यापुढं तो कधी जोडला याचा एक आकडा असतो, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. मी दिलेलं टोपणनावही तिथंच शेजारी दिसतं. म्हणजे ज्याला खिडक्या-रकाने नकोत त्यानं नोटपॅडमध्येच सगळी यादी लिहावी आणि ब्राउझरला परत वाचायला द्यावी. मी एकदा पंधरा-वीस नावं एकदम तशीच बसवली. कंपोझिंगची सवय असली की हे काम रकाने भरण्यापेक्षा सोपं जातं.

क्रोमची स्वतःची आतली फाइल निराळी. तिचं नाव बुकमार्क्स, पुढं कुठलं टिंबही नाही. तिच्यात तारीख १७ आकडी असते, कारण ती मायक्रोसेकंदांत मोजतात आणि मोजायला सुरुवात होते १ जानेवारी १६०१ पासून. हे वाचून मी हसलो. १६०१ म्हणजे आमच्या परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून मलिक अंबर मुघलांशी झुंजत होता तो काळ. कारण तसं साधं आहे. आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी तेच चक्र पुन्हा फिरवतं, आणि विंडोजवाल्यांनी ज्या चक्रात तारखांची ही मोजणी ठरवली त्याची सुरुवात १६०१ ची. क्रोमनं तीच मोजणी उचलली. ती फाइल हातानं बदलायची असेल तर आधी क्रोम पूर्ण बंद करावा. नाहीतर तो बंद होताना आपलीच प्रत वरून लिहितो आणि तुमची मेहनत पाण्यात. फायलीच्या सुरुवातीलाच मजकूर ताडून बघायचा एक ताळ्याचा आकडाही असतो, म्हणून मूळ फायलीची एक प्रत बाजूला ठेवलेली बरी.

माझ्या बहिणीचा मुलगा तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलै. बाहेर सोयाबीन नि तूर हिरवीगार आणि आत लोक सातबारा, पासबुक, आधार मुठीत धरून ओळीत. मी गेलो तेव्हा तोही प्रत्येक माणसामागं शोधयंत्रातच लिहीत होता.

“मामा, काय करायलाव? उठा, गिऱ्हाईक बसू द्या,” तो म्हणाला, कारण मी त्याच्या खुर्चीवर बसून त्याच्या ब्राउझरला टोपणनावं देत होतो. दहा मिनिटं दे म्हटलं.

तिथं एक गोष्ट लक्षात आली. माझ्या कोशासारखी सोय सरकारी पोर्टलांवर बहुधा होत नाही. पुष्कळ ठिकाणी जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर असं एकेक निवडत आत जातो तरी वरचा पत्ता जागचा हलत नाही. मग टक्का-एस बसवायचा कुठं? आणि लॉगिन करून आत गेल्यावरचं पान खूण म्हणून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ‘सेशन संपले’ एवढंच दिसतं. म्हणजे अशा जागी टोपणनाव तुम्हाला दारापर्यंत सोडतं, आतली पायपीट तुमची तुम्हालाच. महाभूलेखवर आधी जिल्हा निवडायचा, मग पुढचं सगळं, शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. तिथला विनाशुल्क उतारा बघण्यापुरता, कचेरीत द्यायचा तर १५ रुपयांचा डिजिटल सहीचा. ते पोर्टल वेगळं, त्याला मी ७७ दिलं.

पण दारापर्यंत नेमकं जाणंही थोडं नाही. केंद्रात खुर्चीवर दोन-तीन मुलं पाळीनं बसतात, आणि त्यातलं एक जरी नकली पानावर शिरलं तरी तिथं शेतकऱ्याचा आधार नंबर जातो. म्हणून पत्ता जतन करण्याआधी तो वाचायचा कसा, एवढं मात्र मी बसवून शिकवलं. एचटीटीपीएस आणि त्यानंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा. तिथून पुढं पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा तुकडा घ्या. तो शेवटाकडून वाचा. शेवटी इन, त्याआधी गव्ह, आणि दोन्हींच्या आधी टिंब असेल, तर तो पत्ता सरकारी. गव्ह-इन कुणालाही विकत मिळत नाही, सरकारी खात्यांनाच मिळतं. आणि गव्ह हा शब्द मधे कुठंतरी आडरेघ देऊन घातलेला असेल, शेवटी कॉम किंवा नुसतं इन असेल, तर तो पत्ता कुणाचाही असू शकतो. पानावर अशोकस्तंभ कितीही मोठा असो. हे एकदाच, डोकं थंड असताना बघायचं, आणि मग टोपणनाव द्यायचं. पुढं गर्दीत, घाईत, लाईट जाऊन-येऊन असताना परत बघत बसायला नको.

सरकारी पत्ते बदलतात, ही तक्रार तिथं सगळ्यांनी केली, आणि ती खरी आहे. २०२३ नंतर कुणबी नोंदी बघायला माणसं येऊ लागली. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या अभिलेखांच्या स्कॅन प्रती चढवल्या गेल्या, काही मोडीत, काही उर्दूत. ज्या पानावर त्या आहेत तिथं पोचायला मुखपृष्ठावरून चार-पाच टिचक्या. भाच्यानं ती आतली पानं जतन करून ठेवली. मग काही काळानं त्यातले काही पत्ते उघडेनात, पानं दुसरीकडं हलली होती. त्याचं म्हणणं, मग जतन करून उपयोग काय? उपयोग असा की नवा पत्ता एकदा शोधायचा, जुन्याच्या रकान्यात तो घालायचा, टोपणनाव तेच ठेवायचं. बसणाऱ्या मुलांना काही बदललेलं कळतही नाही. मात्र बुकमार्क सांभाळणारा एक माणूस नेमून ठेवावा लागतो. सगळ्यांनी सांभाळायचं म्हटलं की कुणीच सांभाळत नाही.

मोबाइलवर माझा हा कारभार चालत नाही. तिथं फार तर होम स्क्रीनवर पान जोडून ठेवतो. पण अंगठ्यानं टिचकी मारायची आणि बोटांना पाठ असलेलं एक अक्षर लिहायचं, या दोन गोष्टींत मला दुसरीच आवडते, आणि त्याला मी इलाज करत नाही. कुणी म्हणेल की वरच्या पट्टीवर बुकमार्कांची रांग लावली तरी काम होतं. होतं. पण ती रांग बघावी लागते, आणि वीस खुणांनंतर तीही बाजारच होते. एक-दोन अक्षरांत मावेल एवढंच ठेवायचं म्हटलं की यादी आपोआप आखूड राहते. ज्याचं टोपणनाव मला आठवत नाही, ते मी रोज वापरत नाही, मग ते काढून टाकलेलं बरं.

पुढच्या वेळी केंद्रावर गेलो तर माझी निम्मी नावं गायब. तिथं बसणाऱ्या मुलीनं बदलली होती. तिला ७ नि ७७ पटत नव्हतं. तिनं ‘शेत’ आणि ‘शेतसही’ केलं होतं. माझ्या ‘र’चं तिनं ‘रेल’ केलं, कारण ‘र’ तिनं रहिवासी दाखल्याच्या माहितीच्या पानाला दिला. मी लांबच्या लांब नावं बघून नाक मुरडलं, पण ती माझ्यापेक्षा झरझर लिहीत होती. मी आपला ७ दाबायचो आणि शोधयंत्र सात या आकड्याची माहिती देत बसायचं.

“मामा, तुम्ही तुमच्या दुकानात सात ठेवा,” ती म्हणाली. “हितं माझं चालू द्या.”

यादीत एक नाव मला लागेना. ‘डोकं’. विचारलं तर म्हणाली, ते एक पोर्टल हाय, दुपारी बारानंतर उघडंना. आलं की डोकं उठतं, म्हणून तसंच ठेवलं. कोणतं पोर्टल ते तिनं सांगितलं, मी लिहीत नाही. तिनं ‘डोकं’ लिहून एंटर मारलं, गोल फिरायला लागलं, आणि ओळीतल्या पुढच्या आजींना ती म्हणाली, “मावशी, पासबुक काढून ठेवा तोवर.”